प्रेसखालची कमाई

संपादक महोदय,

वस्तू चिरडण्याच्या चित्रफितींतून पैसा मिळतो म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी फिनलंडमधील टाम्पेरे येथील लाउरी वुओहेनसिल्टा यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी कुटुंबाच्या वर्कशॉपमधील हायड्रॉलिक प्रेसच्या (द्रवाच्या दाबाने वस्तू दाबणाऱ्या यंत्राच्या) जोरावर २०१५ मध्ये यूट्यूब वाहिनी सुरू केली. प्रेसखाली कागदाला घड्या घालताना सातव्या घडीला तो धाडकन फुटून त्याचा ठिसूळ चुरा झाला, ती चित्रफीत जगभर गाजली. जाहिरातींतला वाटा प्रेक्षकसंख्येवर मिळतो हे खरे, पण प्रेसपुढे उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात पदार्थविज्ञानही दिसते. खटकते ते एवढेच, की काही अनुकरण करणारे संरक्षक काचेविना मोबाइल चिरडतात; त्यातील लिथियम बॅटरी दबताच पेट घेऊ शकते आणि तिचा धूर विषारी असतो. अशा चित्रफितींना तरी जाहिराती मिळू नयेत.

— एक निवृत्त फिटर, भोसरी