पोपो, तो एक डॉलर अजून माझ्याकडेच आहे

प्रिय पोपो,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, तुम्हाला यातलं एक अक्षर लागणार नाही हे माहितीये मला. पण तुम्ही दरवर्षी आमच्या दाराला लाल कागद चिकटवून जाता त्यावरचं मला तरी कुठे वाचता येतं, त्यामुळे फिट्टंफाट. तुमचा नातू फोन धरून काय ते ट्रान्सलेट करेल, अर्धं चुकीचं करेल, ते मी चहाला आले की सुधारून सांगेन.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, पोपो म्हणजे कँटोनीजमध्ये आईची आई, पण कुठल्याही आजीबाईंना मायेने म्हणतात. आम्ही राहतो रिचमंडला, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या अगदी खालच्या अंगाला, पंधराव्या मजल्यावर, आणि समोरचं दार पोपोंचं. पंधरावा आपला म्हणायचा हां, मोजायला गेलात तर बारावाच भरतो, कारण लिफ्टमध्ये 4, 13 आणि 14 ही बटणंच नाहीत. चारचा उच्चार त्यांच्याकडे मरणाच्या शब्दाजवळ जातो म्हणून चार आला की गाळायचा, आणि तेरा इथल्या गोऱ्यांना अशुभ.

तर पोपो, आमचा पहिला हिवाळा. आम्ही चिपळूणचे, पावसाचं आम्हाला कोण काय शिकवणार अशा तोऱ्यात मी आले होते. चिपळूणचा पाऊस येतो, झोडपतो, वाशिष्ठी फुगवतो, लोकांच्या तोंडचं पाणी पळवतो, पण गणपतीनंतर हळूहळू आपल्या वाटेला लागतो. इथला पाऊस तसा नाहीच. गडगडाट नाही, सर नाही, नुसती पिरपिर, ऑक्टोबरात सुरू होते ती मार्च आला तरी चालूच. वर्षाचे मिलिमीटर मोजले तर मुंबईच्या साधारण निम्मेच भरतील, पण दिवस मोजा म्हणावं! आणि डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. नवरा कामावर, मी आणि पाच वर्षांची पोरगी खिडकीला नाक लावून बसलेल्या, आणि मी आईला रोज फोनवर सांगायची, पाऊस थांबला की जाऊ बाहेर.

मग एका शनिवारी तुम्ही दार वाजवलंत. हातात नातीचे जुने लाल गमबूट, तुमचं इंग्लिश तीन शब्दांचं आणि माझं ऐन वेळी गळपटणारं. "रेन. ओके. गो." एवढंच बोललात आणि खाली बसून पोरीच्या पायात स्वतःच बूट चढवायला लागलात, मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती तयार.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला चायनाटाउनमधल्या डॉक्टर सन यात-सेन बागेत नेलंत, आणि आधी शेजारच्या फुकटच्या पार्कात फिरवलंत, मग तिकिटाच्या बागेत (हे बघून मला एकदम माझ्या आजीची आठवण आली). ही बाग 1986 ला उघडली, चीनमधल्या सूचौहून कारागीर आले होते पन्नासच्या वर, आणि लाकडाला लाकूड खाचांत बसवून बांधलं सगळं, खिळे नाहीत. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला दिसल्या त्या फक्त पागोळ्या. छपराच्या कडेच्या कौलांना पानासारखं टोक आहे, प्रत्येक टोकावरून पाण्याची वेगळी धार, सगळ्या मिळून मण्यांचा पडदा. तुम्ही त्या पडद्यापलीकडच्या हिरव्या गढूळ तळ्याकडे बोट दाखवलंत, मग माझ्याकडे, मग वर पावसाकडे. म्हणजे ही बाग पावसासाठीच केलीये, आणि तू घरात काय बसतेस! कोकणातल्या घरात वाढलेल्या बाईला पागोळ्या बघायला चिनी बागेत जावं लागलं, काय बोलायचं.

आणि मग तुम्ही ती पाणमांजराची गोष्ट सांगितलीत, सगळी हातवाऱ्यांनी. 2018 च्या नोव्हेंबरात कुठून तरी एक पाणमांजर बागेत घुसलं आणि तळ्यातले मोठेमोठे जुने कोई मासे एकेक करून फस्त करत सुटलं, लोक पिंजरे लावून थकले, ते काही सापडलं नाही. तुमचा आविर्भाव बघून मला वाटलं इथे खून पडलाय. पोरीला मात्र सगळं बरोब्बर कळलं, ती घरी येईस्तोवर पाणमांजर होऊन चालत होती.

त्यानंतर तुम्ही शनिवार सोडला नाहीत. रॉब्सन स्क्वेअरचं स्केटिंग, तिथे वर छप्पर आहे त्यामुळे पाऊस पडो नाहीतर काही पडो, आणि स्वतःचे स्केट्स असले की पैसे लागत नाहीत म्हणून तुम्ही कुठूनसे जुने स्केट्स मिळवलेत. मी तीनदा आपटले, तुम्ही कठड्याबाहेर थर्मास घेऊन उभ्या, हसत होतात, लपवतही नव्हतात. बारा वर्षांपर्यंतच्यांना ट्रेन फुकट आहे हेही तुम्हीच सांगितलंत, मी तोवर पोरीचं तिकीट काढत होते, वेडी.

21 डिसेंबरला तुम्ही जेवायला बोलावलंत. तोंगची, सगळ्यात लहान दिवस. तुमच्याकडे म्हणतात हा नव्या वर्षापेक्षा मोठा सण. टेबलावर वाटीत आलं घातलेलं गुळासारख्या साखरेचं गरम पाणी आणि त्यात पांढरे गोळे, तांदळाच्या चिकट पिठाचे. मी एक चावला तर आतून काळ्या तिळाचं गोड सारण आलं. पोपो, मी घास तोंडात ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं आई, उकडीच्या मोदकात संक्रांत भरलीये गं. आई म्हणाली बरोबरच आहे, तिथून सूर्य वळतोच ना. आणि मग तुम्ही दोघी एकमेकींशी पंधरा मिनिटं बोललात, तुम्ही कँटोनीजमध्ये आणि ती मराठीत, मला मध्ये घेतलंच नाही.

आता ते पाकीट. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतेच.

तुमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही पोरीला लाल पाकीट दिलंत, लायसी, म्हणजे आत शकुनाचे पैसे. आपण कुणाचं ठेवून घेत नाही, मी धावत आत गेले, तुमच्या नातवासाठी पाकीट केलं. घरात पांढरंच होतं. पन्नासची नोट, वर एक डॉलरचं नाणं, आणि कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. एकदम शास्त्रशुद्ध! नातवाच्या हातात दिलं तर त्याचा चेहरा उतरला. तुम्ही ते त्याच्याकडून घेतलंत, उघडलंत, नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलंत आणि म्हणालात, "बस." म्हणजे तुला बसच्या तिकिटाला. मग ड्रॉवरमधून कोरं लाल पाकीट काढून नोट त्यात सरकवली, ते माझ्या हातात दिलंत, माझे दोन्ही हात धरून पाकिटाला लावलेत आणि नातवाकडे मान हलवलीत. मी परत दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं. मग पुढ्यात संत्री आली, चहा आला, विषय संपला.

महिन्याभराने लाँड्रीत नातवाने सांगितलं की पांढरं पाकीट आणि वर एक डॉलर हे तुमच्याकडे मयताला देतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तशीच तुमच्याकडे आले, नातवाला मध्ये घालून समजावलं की आमच्याकडे आकडा शून्यावर संपवत नाहीत, नातं पुढे चालू राहावं म्हणून एक वर ठेवतात. तुम्ही ऐकलंत, विचार केलात आणि म्हणालात, हेही बरोबर आहे, आणि तू लाल बोट लावलं होतंस ना, मग चाललं.

तेव्हापासून आपली कॅलेंडरं शेजारी शेजारी, माझं कालनिर्णय आणि तुमचं रोज एक पान फाडायचं. 2023 ला तुमच्याकडे दुसरा महिना दोनदा आणि आमच्याकडे श्रावण अधिक, हे कळल्यावर तुम्ही टाळी दिलीत, जसं काही आपण दोघींनीच ठरवून केलं होतं. तुमचं नवं वर्ष आमच्या अमावस्येला खेटून येतं हे तर मला सासूबाईंनी चिपळुणात बसून सांगितलं.

ड्रॅगनच्या वर्षी, 2024 ला, चायनाटाउनची पन्नासावी परेड होती. पेंडर स्ट्रीटच्या त्या मोठ्या कमानीपाशी तुम्ही दोन तास आधी घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरलीत, लालबागच्या रांगेत तुम्ही सहज खपून गेला असतात. ढोल आणि झांजा सुरू झाल्या तशी पोरगी माझ्या मागे लपली. नाचातला सिंह आला, झुलणाऱ्या पापण्या, हे एवढं तोंड. तुम्ही तिच्या हातात लाल पाकीट दिलंत आणि तिला पुढे ढकललंत. तोंड उघडलं, आतून एक हात आला, आणि पोरगी ओरडली, "आई, आत चष्मेवाला दादा आहे!" घामाने निथळणारा, धुकं आलेल्या चष्म्याचा कॉलेजातला पोरगा, त्याने तिला डोळा मारला. भीती तिथेच संपली.

घरी येताना ट्रेनमध्ये तुम्ही सांगितलंत की तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी या देशात पाय ठेवायचे 500 डॉलर भरले होते, चिनी असल्याचा कर. 1923 ला तर दारच बंद केलं ते 1947 पर्यंत. तेही तुम्ही ट्रेनच्या तिकिटाचे दर सांगावेत तसंच सांगितलंत आणि मग पिशवीतून पोरीला संत्रं सोलून दिलंत.

दारावरच्या लाल कागदाचा अर्थ मला यंदा कळला. चुत याप पिंग ऑन, जाता-येता सुखरूप. आमच्याकडे निघताना जाते म्हणू देत नाहीत, येते म्हण म्हणतात. तोरणाशेजारी तो कागद बरोबर जागी आहे.

लाल गमबूट आता होत नाहीत, धुऊन ठेवलेत, कुणाला द्यायचे ते तुम्हीच सांगा. 21 ला मी लवकर येते, तिळाचं सारण माझ्याकडे लागलं, पीठ तुम्ही मळा, माझे गोळे फुटतात. आणि कुणाच्या वाटीत चार वाढणार नाही, शप्पथ.

तुमची,
समोरच्या दारातली