डॉ. टेंपल ग्रँडिन यांना आभारपत्र

आदरणीय ग्रँडिनबाई,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला एक पशुवैद्य. जनावर अडलं तर त्याला द्वाड न म्हणता आधी त्याला काय दिसतंय ते बघायचं, हे तुमच्यामुळे, अमेरिकेतल्या एका पशुशास्त्रज्ञामुळे, कळलं. त्याबद्दल हे पत्र.

१९७०च्या दशकात ॲरिझोनात गुरं पुढे सरेनात, की माणसं विजेची काठी लावायची. तुम्ही मात्र गुरं नेण्याच्या अरुंद वाटेत स्वतः उतरलात. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणावर टाकलेला कोट, एवढ्यानं गुरं थबकत होती. मला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, मी चित्रांतून विचार करते, म्हणून हे दिसलं, असं तुम्ही सांगता. ऑटिझमकडे नुसता आजार म्हणून बघणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. मग तुम्ही भरीव भिंतींच्या वळणदार वाटा आखल्या. बाहेरचं काही दिसत नाही आणि वळताना गुरांना आल्या वाटेनं परत चाललोय असं वाटतं.

मागे एक मुऱ्हा म्हैस आमच्या खोड्याच्या (उपचारासाठी जनावर अडकवण्याच्या सांगाड्याच्या) तोंडाशी खिळली. दोघं दावं ओढतायत, मालक शेपूट पिरगाळतोय. मी वाकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं. धुतलेल्या फरशीवर पाणी साचलं होतं आणि त्यात उन्हाची तिरीप लखलखत होती. खराट्यानं पाणी लोटलं, म्हैस आपणहून आत गेली. मालक माझ्याकडेच संशयानं बघत राहिला!

कत्तलखान्यात कसली आलीय दया, असं आमच्याकडे पुष्कळ जण विचारतात. विचारणारा तिथे सहसा पाऊल ठेवत नाही. तुम्ही गेलात आणि मोजलंत. कापण्याआधी पहिल्याच प्रयत्नात शंभरातली किमान ९५ गुरं बेशुद्ध व्हायला हवीत, भीतीनं वा वेदनेनं हंबरणारी शंभरात तीनच्या आत, घसरून पडणारी किती, विजेची काठी किती गुरांना लावली. १९९९मध्ये मॅकडोनाल्ड्सनं ही तपासणी मांस पुरवणाऱ्यांना लावली, तेव्हा कत्तलखाने झटकन सुधारले. बऱ्याच ठिकाणी नवी यंत्रंही लागली नाहीत. घसरडी जमीन खडबडीत केली, दिवा हलवला, माणसांना शिकवलं. हंबरणं मोजायचं असतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि हो, तुमच्या आई युस्टेशिया कटलर यांचेही आभार. साडेतीन वर्षांपर्यंत न बोलणाऱ्या मुलीला संस्थेत ठेवा, हा सल्ला त्यांनी मानला नाही. बोलायला शिकवणारी शिक्षिका शोधली.

आपला नम्र,
तालुक्याच्या दवाखान्यातला एक पशुवैद्य