काटोलच्या भाऊंना, नाशिकच्या त्या एका दिवसाबद्दल

भाऊ, सादर नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानून झाले. पण तिथे तुम्ही "त्यात काय ताई" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

आम्ही चौघी मैत्रिणी नागपुरात एकाच ऑफिसात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. विदर्भ एक्स्प्रेसने पहाटे नाशिकरोडला उतरलो तेव्हा रात्रीच्या परतीच्या विदर्भची तिकिटं पर्समध्येच होती. मधला दिवस वायनरी बघायचा. साठीच्या बायका वाइन चाखायला निघाल्यात म्हटल्यावर गाडीवाला कोणत्या नजरेने बघेल, ही धाकधूक मनात होती. तुम्ही डिकीत सामान ठेवलंत, आमच्या गप्पा कानावर पडल्या आणि एवढंच विचारलंत, "नागपूरच्या का जी तुम्ही? मी काटोलचा आहो." त्या एका वाक्याने आम्ही मोकळ्या झालो.

माझ्या यादीत पाच वायनरी होत्या. ती वाचून तुम्ही म्हणालात, "पाच ठिकाणी जासान तं एकही ध्यानात नाही राहणार. दोनच करा, पण निवांत करा. अन् आधी पोटभर खा." मग मिसळ खाऊ घातलीत. आम्ही तर्री पोह्यांवर वाढलेल्या, तिखटाचं आम्हाला कौतुक नाही, पण त्या मटकीची चव अजून जिभेवर आहे.

वायनरीच्या आधी तुम्ही गाडी गंगापूर धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत नेलीत. फेब्रुवारीचे दिवस, काढणी चालू. वाइनची द्राक्षं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. मणी वाटाण्याहून थोडे मोठे, साल जाड, आत बिया, आणि गोडी इतकी की बोटं एकमेकांना चिकटली. तुम्ही एक काळा मणी चिमटीत दाबलात, तर रस निघाला जवळजवळ पाण्यासारखा. "रंग सालीत राहते ताई. साल रसात मुरू दिली तं लाल वाइन, काढून टाकली तं पांढरी." वायनरीत नंतर तेच ऐकलं, पण मला कळलं ते तुमच्या चिमटीतल्या मण्यामुळे.

तिथेच बांधावर बसून तुम्ही छाटणीचं सांगितलंत. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी; दोनदा कात्री, पीक एकदाच. माझं माहेर संत्र्याच्या पट्ट्यातलं. मला लगेच आमची बाग आठवली. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडून बहार धरायचा. मी ते बोलले आणि तुम्ही बराच वेळ गप्प झालात. मग संत्र्याच्या आंबिया बहाराची आठवण काढून म्हणालात, "आता तिकडे आंबिया फुलला असंन." पंधरा वर्षं नाशकात गाडी चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकून माझा गळा दाटून आला.

सुला वायनरीमध्ये दोन तास कसे गेले कळलं नाही. संस्थापक राजीव सामंत यांनी कंपनीला आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून हे नाव दिलं हे कळल्यावर आमच्यातली एक फार हरखली. ग्लास तिरका धरून रंग बघायचा, हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. मला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आवडली.

आता दुपारबद्दल. "जेवून घ्या" असं तुम्ही दोनदा सांगितलंत. आम्ही ऐकलं नाही, दुसरी वायनरी झाल्यावर जेवू म्हणालो. तिथून बाहेर पडलो तेव्हा आमची मैत्रीण अडखळत बोलू लागली, हात थरथरत होते, पदर घामाने भिजला होता. आम्हाला वाटलं वाइन चढली. तिघींपैकी एकीलाही दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही मागे वळून बघितलंत, गाडी कडेला घेतलीत आणि विचारलंत, "ताईंनी सकाळी इन्सुलिन घेतलं होतं का?" तिच्या पिशवीतल्या मशीनवर साखर आली 58. तुम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यातून ग्लुकोजची पुडी काढलीत, पाण्यात कालवून तिला घोट घोट पाजलीत, घड्याळ लावलंत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला लावलंत, पुन्हा थोडं दिलंत. तिचं बोलणं सरळ झाल्यावरच गाडी हलली, ती थेट जेवणाच्या ठिकाणी.

नागपूरला परतल्यावर तिच्या डॉक्टरांनी समजावलं. अल्कोहोल पोटात गेलं की यकृत रक्तात साखर सोडायला कमी पडतं. त्यात इन्सुलिन घेतलेलं आणि पोट रिकामं. अशा वेळी माणूस झिंगल्यासारखा दिसतो, म्हणून आसपासचे लोक फसतात. "ओळखलं कोणी?" त्यांनी विचारलं. आम्ही तुमचं सांगितलं. तुमच्या आईला वीस वर्षं साखरेचा त्रास आहे आणि म्हणून गाडीत ती पुडी कायम असते, हेही सांगितलं.

त्यानंतरची संध्याकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. कुठेही जायचं नव्हतं. धरणाच्या काठाला तुम्ही गाडी लावलीत, ऊन उतरत गेलं, आम्ही चौघी नुसत्या बसून राहिलो. मैत्रिणीचा हात माझ्या हातात होता आणि तो आता गरम होता. तुम्ही जरा लांब, दगडावर बसून चहा पीत होतात.

रात्री विदर्भ येईपर्यंत तुम्ही फलाटावर थांबलात. जास्तीचे पैसे घेतले नाहीत, उलट खिडकीतून बिस्किटांचे पुडे आणि द्राक्षांची पिशवी दिलीत. "रात्री एकदा साखर बघजा," म्हणालात. भुसावळच्या पुढे आम्ही बघितली. 132 होती. तुम्हाला मेसेज केला, तर तुम्ही जागेच होतात.

येत्या रविवारी आम्ही चौघी काटोलला तुमच्या आईंना भेटायला जातोय. पत्ता तुम्ही फार आढेवेढे घेऊन दिलात, पण दिलात. ग्लुकोजच्या दोन पुड्या सोबत घेतल्या आहेत. तुमच्या बागेचा फोटोही काढून पाठवते, आंबिया फुललाय का ते तुम्हीच बघा.

तुमची,
मागच्या सीटवरची ताई
नागपूर