उजव्या हाताचं ऐकू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल आई तुमच्या उजव्या पोटरीवरच्या फोडाचं सांगत होती आणि तुम्ही मागून "अगं, दुखत नाहीये" म्हणून विषय मिटवलात. दुखत नाही हीच तर भानगड आहे. फोनवर तुम्ही ऐकणार नाही, टीव्हीचा आवाज वाढवाल, म्हणून लिहितेय.

मेंदूच्या खाली अंगठ्याएवढा एक देठ असतो, मस्तिष्कस्तंभ. वर मध्यमेंदू, मधे सेतू आणि सगळ्यात खाली लंबमज्जा. श्वास, ठोके, गिळणं, खोकणं यांचा कारभार या खालच्या टोकात. तुमचा मेंदूचा झटका लंबमज्जेच्या डाव्या कडेला आला. हातापायांना हुकूम नेणाऱ्या तारा पुढून जातात, त्या वाचल्या. म्हणून शेजारी विचारतात, "पॅरालिसिस कुठाय?" पण कडेला गिळण्याचं नि आवाजाचं केंद्र आहे, ते दुखावलं. म्हणून पाणी पिताना ठसका आणि घोगरा आवाज. डावी पापणीही या झटक्यामुळेच झुकलीय, झोपेमुळे नाही. वॉलेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ सालीच हे सगळं लिहून ठेवलंय.

आणि त्या उचक्या! आई, तू म्हणालीस, लेक आठवण काढत असेल. काढत होते गं, पण पाच दिवस सलग नाही. त्याही तिथूनच.

आता पोटरी. उजव्या अंगाची गरम-गार आणि दुखण्याची खबर पाठीच्या कण्यातच बाजू बदलते आणि डाव्या कडेने वर जाते. ती वाट तुटली. नुसत्या स्पर्शाची वाट वेगळी, ती शाबूत. म्हणून साबण, टॉवेल सगळं कळतं, बादलीतलं चटका देणारं पाणी मात्र कळत नाही. चेहऱ्याचं उलटं, तिथे डावा गाल बधिर. दाढीचं पाणीसुद्धा त्या गालाला लावून बघू नका.

तेव्हा पाणी डाव्या हाताने बघायचं. उजव्या हाताचं ऐकू नका. उजवा पाय रोज संध्याकाळी आईने उजेडात बघायचा, तळव्यासकट. पाणी-चहा घोटघोट, हनुवटी छातीकडे घेऊन. शिकवलंय ना त्या मॅडमनी? मग गॅलरीत उभ्याने चहा कशाला?

आई, फोडावर टूथपेस्ट लावली असशील तर धुऊन टाक आणि डॉक्टरांना दाखव. शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. स्टेशनवर कुणी येऊ नका.

तुमची,
धाकटी