पार्किन्सन्सच्या चिठ्ठीत व्यायामही हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पार्किन्सन्स म्हटले की हाताचा कंप डोळ्यांसमोर येतो. परंतु आजार जुना होत जातो तसतसा अनेक रुग्णांना कंपापेक्षा चालण्याचाच जाच अधिक होतो. पावले आखूड पडू लागतात, घासत जातात, चालताना हात झुलेनासे होतात आणि पुढे पुढे तर दारात, वळणावर किंवा गर्दीत पाय जमिनीला खिळतात, अंग मात्र पुढे झुकत राहते. पडण्याचे आणि त्यातून खुब्याचे हाड मोडण्याचे हे एक मोठे कारण आहे. तरीही या रुग्णांच्या चिठ्ठीवर बहुधा गोळ्यांचीच नावे असतात. फिजिओथेरपीची आठवण होते ती रुग्ण पडल्यानंतर. मी स्वतः याच व्यवसायातली असल्यामुळे हे म्हणणे कुणाला स्वार्थाचे वाटेल, याची मला कल्पना आहे.

लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाने ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा पुष्कळ कमी होतो. पण तोल जाणे आणि पाय खिळणे यांवर तिचा परिणाम अनेकदा अपुरा पडतो. मेंदूतल्या डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी घटल्या की एरवी विचार न करता होणारे चालणे बिघडते, मात्र लक्ष देऊन, बाहेरच्या एखाद्या खुणेच्या आधाराने पाऊल टाकण्याची क्षमता बरीचशी शाबूत राहते. म्हणूनच सपाट फरशीवर अडखळणारे आजोबा जिना सहज चढतात आणि घरच्यांना ते सोंग वाटते. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या एका नातेवाइकाच्या बाबतीत नेमके हेच हेरले आणि जमिनीवर जिन्याचा आभास देणारे चित्र अंथरून त्यांना चालते केले. सोनेजी यांचे यावरील २०१५ मधील भाषण अनेकांनी पाहिले असेल.

आमच्या उपचाराचा गाभा हाच आहे. एकेका पावलाच्या अंतरावर फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवणे, मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर किंवा मोजत चालणे, पाय खिळले तर रेटा न देता थांबून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे व मग मोठे पाऊल टाकणे, जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घेणे, चालताना बोलणे किंवा हातात भरलेला कप घेणे टाळणे, हे सारे शिकवावे लागते आणि ते गोळीचा असर असलेल्या वेळेत शिकवलेले बरे. घरच्यांनाही शिकवावे लागते, कारण खिळलेल्या माणसाला हाताला धरून ओढले किंवा 'चला, चला' म्हणून घाई केली तर तो हमखास पडतो. दुकानातून परस्पर आणलेला उचलून ठेवायचा वॉकरही काहींचे खिळणे वाढवतो. शेक आणि मालिश म्हणजे फिजिओथेरपी, हा समज इथे फार महागात पडतो.

या उपचाराने आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ३९ चाचण्यांतील १,८२७ रुग्णांचा विचार झाला होता; चालण्याचा वेग, तोल यांत सुधारणा दिसली, पण ती लहान होती आणि बहुतेक चाचण्या अल्पकाळाच्याच होत्या. याचा अर्थ मी असा घेते की दहा 'सिटिंग' करून फाइल बंद करण्याचा हा प्रकार नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तर आजाराच्या सुरुवातीलाच फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याचा विचार करावा असे सांगतात. नेदरलँड्समध्ये २००४ पासून पार्किन्सन्सनेट या जाळ्यातून खास प्रशिक्षित थेरपिस्टकडे हे रुग्ण सोपवले जातात.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात स्वमदत गट आहेत आणि नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात या रुग्णांसाठी नृत्यवर्गही चालवले आहेत. तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला मात्र यातले काहीच हाताशी नसते. आरोग्य विम्यातही बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली फिजिओथेरपी सहसा बसत नाही. तेव्हा शासनाने निदान जिल्हा रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात आठवड्यातून एक दिवस या रुग्णांचा सामूहिक वर्ग सुरू करावा. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत, मोकळी खोली, रंगीत चिकटपट्टी आणि प्रशिक्षित माणूस पुरतो. न्यूरॉलॉजिस्ट मंडळींनाही विनंती, की निदानाच्या पहिल्याच चिठ्ठीवर गोळ्यांखाली फिजिओथेरपीची एक ओळ लिहावी.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा