लहान मेंदूच्या बातमीत जे राहून गेले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पानावर लहान मेंदू आणि पॅराहिप्पोकॅम्पल जायरस (मोठ्या मेंदूच्या तळाशी असलेली एक वळी) यांच्या संबंधावरची बातमी वाचली. सोबत मेंदूचे चित्र, त्यावर दोन ठळक ठिपके आणि त्यांना जोडणारी लाल रेघ. तोल सांभाळणाऱ्या मेंदूचे आठवणींशीही नाते आहे, असा एकूण सूर. हा विषय आपण घेतलात याचा आनंद झाला, कारण लहान मेंदूकडे सहसा कुणी वळत नाही. पण ती लाल रेघ पाहिली आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. रुग्णांचे स्कॅन हे रोजचे काम. त्याखेरीज मेंदूचे कार्य अभ्यासणाऱ्या संशोधकांसाठीही बरीच वर्षे मशीन चालवते आहे. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, निष्कर्ष संशोधक काढतात. चित्र कुठून कुठपर्यंत घ्यायचे ती चौकट मात्र मॉनिटरवर माझ्या हाताने बसते, आणि या बातमीतला खरा प्रश्न त्या चौकटीपाशीच सुरू होतो.

फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचे काम टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, एकच फोटो काढून भागत नाही. साधारण दर दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूचे चित्र घ्यायचे, असे कित्येक मिनिटे चालते. मेंदू आडव्या कापांमध्ये टिपला जातो आणि प्रत्येक कापाला वेळ लागतो. जुन्या पद्धतीत दोन सेकंदांत तीन-चार मिलिमीटर जाडीचे ३० ते ३५ काप बसत. डोके उंच असेल तर तेवढ्यात मेंदू मावत नाही. आधी घेतलेल्या बाजूच्या चित्रावर काप दाखवणारी चौकट असते; ती वर सरकवली की खालचा भाग बाहेर राहतो, खाली आणली की टाळू कापली जाते. हातापायांच्या हालचालींचे केंद्र टाळूजवळ असते, ते सोडायला कुणी तयार नसतो. मग चौकट वर जाते आणि लहान मेंदूचा तळ चित्राबाहेर पडतो. किती तरी अभ्यासांमध्ये हे असेच झाले. लहान मेंदूचा विचारांशी किंवा आठवणींशी संबंध दिसला नाही, याचे एक कारण तो चित्रात पुरता नव्हता, हे होते. आता एकाच वेळी अनेक काप टिपण्याची तंत्रे आली आहेत, त्यामुळे ही ओढाताण पुष्कळ कमी झाली आहे. जुने निष्कर्ष वाचताना मात्र हे लक्षात ठेवावे लागते.

आणि वगळला जात होता तो भाग काही किरकोळ नव्हे. लहान मेंदू आकारमानाने एकूण मेंदूच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतील पेशींची मोजदाद प्रसिद्ध केली तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या. त्याच्या पृष्ठभागाच्या घड्या इतक्या बारीक आहेत की नेहमीच्या स्कॅनमध्ये त्या सुट्या दिसतच नाहीत. २०२० मध्ये फार सूक्ष्म चित्रणातून त्या उलगडून मोजल्या गेल्या. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या ७८ टक्के क्षेत्रफळ भरले.

आता दुसऱ्या ठिपक्याकडे येते. पॅराहिप्पोकॅम्पल जायरस ही मोठ्या मेंदूच्या तळाशी, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागाला लगटून असलेली वळी. तिच्या मागच्या भागाचे काम १९९८ मध्ये रसेल एपस्टाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी दाखवले. स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाला खोलीचे, रस्त्याचे किंवा निसर्गाचे दृश्य दाखवले की हा भाग जागा होतो. चेहरे दाखवले तर नाही. खोली अगदी रिकामी असली, नुसत्या भिंती आणि जमीन असली, तरी चालते. 'मी कुठे आहे' या प्रश्नाशी त्याचे काम बांधलेले आहे. याच वळीच्या पुढच्या भागात एन्टोरायनल कॉर्टेक्स आहे. उंदरांच्या मेंदूत तिथेच २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या गटाला जागेचा नकाशा आखणाऱ्या ग्रिड पेशी सापडल्या आणि २०१४ चे नोबेल मिळाले. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गुंत्यांची सुरुवातही बहुधा याच परिसरात होते, हे ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मांडले. तेव्हा या जागेबद्दल काहीही छापून आले की स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असलेली माणसे ते जिवाच्या आकांताने वाचतात.

ही जागाही चित्रात पकडायला अवघड. मेंदूच्या तळाजवळ कानाच्या हाडातल्या आणि सायनसच्या हवेच्या पोकळ्या आहेत. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र बिघडते आणि तिथला सिग्नल गळतो. वळीच्या पुढच्या टोकाजवळ कधी कधी नुसता काळा डाग दिसतो.

सर्वांत महत्त्वाचे ते पुढेच आहे. या वळीचा मागचा भाग आणि लहान मेंदूचा वरचा पृष्ठभाग हे चक्क शेजारी आहेत. मध्ये असतो टेंटोरियम नावाचा एक पातळ पडदा. फंक्शनल चित्रातला एक ठोकळा साधारण तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे एकाच ठोकळ्यात पडद्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा थोडा भाग येऊ शकतो. त्यातच आकडेमोड करताना चित्र मुद्दाम सहा ते आठ मिलिमीटरपर्यंत 'स्मूथ' करतात, म्हणजे प्रत्येक ठोकळ्याची किंमत आजूबाजूच्यांत मिसळतात. गोंगाट कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. पण मग वरच्या मजल्यावरचे पाणी छतातून खालच्या घरात झिरपावे तसा वरच्या वळीचा सिग्नल खाली लहान मेंदूत उतरतो. आता दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले तर ते एकत्र वरखाली होणारच! आणि आलेख एकत्र वरखाली होणे यालाच या संशोधनात संबंध म्हणतात. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंची हालचालींची केंद्रे संथ लयीत एकत्र वरखाली होतात. आज 'विश्रांत अवस्थेतील जोडणी' म्हणून जे छापून येते ते बव्हंशी याच मोजमापावर उभे आहे. मोजला जातो तो रक्तातल्या ऑक्सिजनमुळे होणारा सिग्नलचा फरक, आणि तोही पेशींच्या कामानंतर काही सेकंदांनी. दोन जागांमध्ये तंतू धावतो आहे, हे त्या मोजमापातून सिद्ध होत नाही. श्वासाचा खोलपणा बदलला, नाडीबरोबर मेंदूचा तळ किंचित हलला, एवढ्यानेही दोन जागा एका लयीत आल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून संशोधनाच्या स्कॅनवेळी आम्ही पोटावर श्वासाचा पट्टा आणि बोटाला नाडीचा सेन्सर लावतो आणि त्या नोंदी आकडेमोडीत वजा होतात. निदान व्हायला हव्यात.

मग हे सगळे संशोधन फोल समजायचे का? मुळीच नाही. शरीररचनेनेच एक सुंदर कसोटी आपल्या हाती दिली आहे. लहान मेंदू आणि मोठा मेंदू यांच्यातल्या मुख्य वाटा ओलांडून जातात: डावा लहान मेंदू मुख्यतः उजव्या मोठ्या मेंदूशी बोलतो, उजवा डाव्याशी. झिरपा मात्र ओलांडत नाही, तो ज्या बाजूचा त्याच बाजूला राहतो. डाव्या लहान मेंदूचे नाते त्याच्या डोक्यावरच्या डाव्या वळीशी दिसले तर मी साशंक होईन. उजव्या वळीशी दिसले तर कान टवकारीन. रँडी बकनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १००० निरोगी माणसांच्या स्कॅनवरून लहान मेंदूचा नकाशा काढला तेव्हा लगतच्या मोठ्या मेंदूचा सिग्नल आधी हिशेबातून काढून टाकला होता. त्यानंतरही लहान मेंदूचा मोठा हिस्सा विचार, लक्ष, आठवण यांच्या जाळ्यांशी जुळलेला दिसला, आणि तोही विरुद्ध बाजूच्या.

हिप्पोकॅम्पसच्या बाबतीत तर याहून नेमके काम झाले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या पडद्यावरच्या आभासी वाटांवरून चालायला लावले. खुणा पाहून जागा ओळखत वाट काढताना लहान मेंदूच्या क्रस-वन या भागाची डावी बाजू आणि उजवा हिप्पोकॅम्पस कामात दिसले. आधी डावीकडे, मग उजवीकडे असा वळणांचा क्रम आठवत जाताना उजवा क्रस-वन आणि डावा हिप्पोकॅम्पस. बाजू ओलांडलेल्या! हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून सहकाऱ्यांना दाखवायला गेले होते.

चित्रणाला जे दाखवता येत नाही ते उंदरांनी दाखवले. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने असे उंदीर अभ्यासले ज्यांच्या लहान मेंदूतल्या पर्किन्जे नावाच्या मोठ्या चेतापेशींची शिकण्याची एक यंत्रणा बंद केलेली होती. चालण्यात दोष नाही. उजेडात त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या जागा ओळखणाऱ्या पेशी व्यवस्थित चालत. दिवे घालवले, म्हणजे फक्त स्वतःच्या हालचालीच्या अंदाजावर राहायचे, की त्या पेशींचा नकाशा विस्कटे. आपण किती पावले आलो, किती वळलो, हा हिशेब लहान मेंदू पुरवतो आणि जागेची आठवण त्यावर उभी राहते, असा त्याचा अर्थ. तंतूंचा मागोवा घेणाऱ्या नंतरच्या प्रयोगांत लहान मेंदूपासून हिप्पोकॅम्पसपर्यंतची वाट मध्ये थांबे घेत जाते, असे दिसले. एका सरळ रेघेत ती जात नाही, आणि म्हणूनच ती लाल रेघ मला खटकली.

हे इतके ताणून लिहिण्याचे कारण आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसे. लहान मेंदूत स्ट्रोक झालेल्या एका रुग्णाची मुलगी मला सांगत होती, की वडील आता बरे चालतात, हातही कापत नाही, पण ओळखीच्या वाटेवर थबकतात, एका कामाची पायरी झाली की दुसरी सुचत नाही, आणि भलत्या वेळी हसतात. त्यांना तपासणाऱ्यांनी बोट नाकाला लावायला सांगितले, सरळ रेषेत चालवून पाहिले आणि सगळे ठीक आहे, बाकीचे वयामुळे, असे सांगून घरी पाठवले होते. मला फार वाईट वाटले. जेरेमी श्माह्मन आणि जॅनेट शेरमन यांनी १९९८ मध्येच लहान मेंदूला इजा झालेल्या २० रुग्णांमध्ये नेमके हेच टिपले होते: आखणी जमत नाही, शब्द पटकन आठवत नाहीत, जागेचे भान ढळते, भावना एक तर मावळतात किंवा वेळकाळ सोडून उसळतात. या तक्रारींसाठी बिछान्याशेजारी बसून दहा-एक मिनिटांत करता येणारी चाचणीही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तिला ना मशीन लागते, ना रंगीत चित्र.

त्याच मुलीने मला विचारले, बातमीत दिला आहे तो स्कॅन बाबांचा करता येईल का? नाही करता येणार. ती चित्रे अनेक माणसांच्या सरासरीची असतात. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या स्कॅनवरून त्याचा लहान मेंदू आणि ही वळी यांच्यातले नाते ठीक आहे की बिघडले, हे सांगणारी तपासणी उपचारात रुळलेली नाही. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले की मेंदूची चित्रे आणि माणसाची बुद्धी किंवा वर्तन यांची सांगड खात्रीने घालायची तर हजारोंनी माणसे लागतात. पंचवीस-तीस माणसांवरचे निकाल पुढच्या अभ्यासात टिकतीलच असे नाही. आपल्या बातमीत माणसे किती होती, तो आकडा नव्हता.

आपण अशा बातम्या जरूर द्याव्यात, वाढवून द्याव्यात. अभ्यास किती जणांवर झाला, ते काही करत होते की नुसते पडून होते, आणि स्कॅनच्या चौकटीत लहान मेंदू तळापर्यंत होता का, एवढे सोबत द्यावे. मूळ शोधनिबंधात ही माहिती सहसा असतेच, आणि नसेल तर तीच बातमी. लहान मेंदूच्या कोणत्या बाजूचा संबंध कोणत्या बाजूच्या पॅराहिप्पोकॅम्पल जायरसशी दिसला, हेही मला त्या मजकुरात कुठे सापडले नाही. तेवढी एक ओळ पुढच्या अंकात छापाल का?

आपली,
एक एमआरआय तंत्रज्ञ