जुनाच साचा, नवा खोका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत असल्यापासून मी प्लास्टिकची छोटी विमाने जोडतो. आता साठी उलटली, हात किंचित थरथरतो, पण खरी अडचण किमतीची आहे. पूर्वी ज्या पैशात दोन किट यायची, त्यात आता जेमतेम एक येते. रंग, गोंद, बारीक ब्रश यांचा खर्च निराळाच.

साचा महाग पडतो, हे मान्य. पोलादात कोरलेल्या साच्यात वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाने भरतात आणि तो खर्च निघायला हजारो किट खपावी लागतात. तेव्हा नव्या साच्याचे किट महाग असले तर माझी कुरकुर नाही. पण गेल्या महिन्यात स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, मूळ विमानाच्या १/७२ मापाचा, खोका उघडला आणि जुनी ओळख पटली. मी ४० वर्षांपूर्वी जोडले होते तेच हे! साचा झिजल्यामुळे कडांना प्लास्टिकचे पापुद्रे, पंखाच्या सांध्यात नख जाईल एवढी फट. नवे काय, तर खोक्यावरचे चित्र आणि डिकल (विमानावर चिकटवायची चिन्हे व आकडे). जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर पंखांच्या विमानाला पुट्टी किती लागावी? (सौ. म्हणाल्या, विमान करताय की भिंत लिंपताय?)

कंपन्यांनी खोक्यावर साच्याचे मूळ वर्ष ठळक छापावे, एवढेच मागणे आहे. तोवर कपाटावर न उघडलेली ११ किट पडून आहेत, ती संपवतो.

आपला,
एक छांदिष्ट वाचक